पोलादाला कान लावणारे मामेसासरे

जगातली कुठलीही वस्तू न फोडता, न कापता, न खरवडता आणि न चाखता पारखता येते, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्याच सासरी निघाला. आमचे मामेसासरे. सासूबाईंचे धाकटे भाऊ. गिरगावातल्या एका चाळीत एकटे राहायचे. माटुंग्याला शिकून डिप्लोमा घेतलेला, घराण्यातला पहिलाच, त्यामुळे सासूबाईंना त्यांचं भारी कौतुक. घोडपदेवच्या एका ग्राइंडिंगच्या कारखान्यात ते माल तपासायचे. म्हणजे मशीनवर दगडाने घासून गुळगुळीत केलेला पोलादी दांडा हातात घ्यायचा आणि तो आतून धड आहे की नाही ते सांगायचं. आतून धड आहे की नाही हे माणसाचंसुद्धा सांगता येत नाही, तिथे दांड्याचं काय सांगणार, असं मी नवी सून असतानाच त्यांना सुनावलं होतं. त्यावर ते म्हणाले, "सूनबाई, माणसाचं तर त्याहून सोपं. पण तुम्ही लोक फार घाई करता." मी तोंड वाकडं करून स्वयंपाकघरात निघून गेले.

त्यांच्या पँटच्या खिशात कायम एक लोहचुंबक असे. आपण रुमाल नेतो तसा. त्यामुळे त्यांच्या किल्ल्या, टाचण्या, सेफ्टी पिना आणि एकदा तर सासूबाईंची हरवलेली सुई, हे सगळं त्यांच्या मांडीपाशी सापडायचं. माझी त्यांची पहिली ओळखही त्या चुंबकाने करून दिली. दादरच्या एका कार्यालयात आमचं लग्न. माझ्या वडिलांनी हौसेने रुखवत मांडलेलं, स्टीलची भांडी ओळीने चकचकीत लावलेली. आणि हे गृहस्थ वाकून एकेका भांड्याला चुंबक लावत पुढे सरकतायत! माझे वडील लालबागचे, तापट. ते तरातरा गेले. "काय हो पाव्हणे, काय चाललंय?" मामा म्हणाले, "काही नाही, चिकटतंय का बघतोय." तोवर वऱ्हाड गोळा झालेलं. भटजी मंत्र म्हणायचे थांबले. मामांनी शेवटच्या कळशीला चुंबक लावला, तो सुटून खाली पडला, आणि त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "एकही चिकटलं नाही! चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही. अस्सल माल आहे!" त्यांच्या मते ही स्तुती होती. माझे वडील मात्र मरेपर्यंत ती विसरले नाहीत. "तुझ्या त्या मामेसासऱ्याने भर मांडवात माझी झडती घेतली," असं ते प्रत्येक सणाला म्हणायचे.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शुद्ध शिक्षा. कलिंगडवाला बिचारा चाकूने तिकोनी फोड काढून लालभडक दाखवायला जायचा, तर हे त्याचा हात धरायचे. "अरे, तब्येत विचारायला पोट कशाला फाडतोस?" मग एकेक कलिंगड उचलून टिचक्या मारायच्या, कान लावायचा, खाली ठेवायचं. तेवढ्या वेळात माझ्यामागची माणसं येऊन, घेऊन, घरी जाऊन खाऊनसुद्धा मोकळी झालेली असायची. नारळाचं तेच, फणसाचं तेच. एकदा परळच्या मासळी बाजारात त्यांनी पापलेटाजवळ कान नेला. कोळीण कमरेवर हात ठेवून बघत राहिली. तिने आपणहून कल्ले उघडून दाखवायला मासा उचलला, तर हे म्हणतात, "नको नको, उघडू नका." ती म्हणाली, "अरं मास्तरा, त्या पापलेटात रेडिओ लावलाय व्हय? मेलेला हाय तो, बोलनार न्हाय!" अख्खा बाजार हसला. मामाही हसले, आणि पापलेट घेतलं. ते ताजं निघालं हे मला कबूल करावंच लागेल. कलिंगडंही कधी फिक्की निघाली नाहीत, पण हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, नाहीतर बाजाराचा वेळ दुप्पट झाला असता.

त्यांचं लग्न झालं नाही तेही ह्याच खोडीपायी. मुली बघायला जायचे, कांदेपोहे खायचे, आणि गप्प बसायचे. मुलीला प्रश्न विचारायचा नाही, हा त्यांचा नियम. "प्रश्न विचारला की माणसावर ओरखडा उठतो," म्हणायचे. "स्वयंपाक येतो का, गाणं म्हणून दाखव, चालून दाखव! हे काय पारखणं झालं? हे म्हणजे माल खराब करून मग चांगला होता म्हणायचं." बोलणं पटण्यासारखं होतं, पण मुलीकडच्यांना वाटायचं मुलगा मुका आहे, नाहीतर नाराज आहे. एका ठिकाणी मुलीच्या आईने सासूबाईंना बाजूला घेऊन विचारलं होतं, "ह्यांना ऐकूबिकू येतं ना नीट?" सासूबाई इतक्या संतापल्या की पोह्यांची बशी तशीच ठेवून उठल्या. त्यानंतर मामांनी मुली बघणं सोडलं आणि सगळं लक्ष पोलादावर लावलं.

आता त्यांच्या यंत्राचं सांगते. एक लाकडी पेटी. तिच्या पोटात जुन्या ट्रान्झिस्टरचे अवयव. पेटीतून वायर बाहेर आलेली, तिच्या टोकाला तारेचं वेटोळं गुंडाळलेला, घोड्याच्या नालेसारखा एक लोखंडी तुकडा. आणि कानाला लावायचा काळा हेडफोन. तो तुकडा पोलादावर टेकवायचा आणि ऐकायचं, बस्स. गिरण्यांच्या संपाच्या आधीची गोष्ट, ते एका रविवारी ही पेटी घेऊन लालबागला आमच्या घरी आले आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात घुसले. माझी लोखंडी सुरी उचलली, पाट्यावर ठेवली आणि टोकापासून मुठीपर्यंत तो तुकडा सरकवत ऐकू लागले. मी म्हटलं, झालं, आता सुरीचं लग्न जमवणार. ते म्हणाले, "सूनबाई, हिचं टोक कोणीतरी गॅसवर धरलं होतं." मी गार! आदल्याच दिवशी मी ती सुरी लाल होईस्तोवर तापवून प्लास्टिकच्या बादलीला भोक पाडलं होतं आणि मग राखेने घासून लखलखीत केली होती. सासूबाईंना पत्ता नव्हता. त्यांना तो त्या क्षणी लागला, आणि मामांना मी पुढच्या दोन भेटींत चहा दिला नाही.

पण हेडफोन त्यांनी माझ्याही कानाला लावला होता, ते मला आठवतं. मुठीकडे बारीक कुजबुज यायची, आणि टोकाकडे गेलं की फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "पोलादाच्या आत बारीक बारीक चुंबक दाटीवाटीने पडलेले असतात, आपल्या चाळीत एका खोलीत सगळे ओळीने झोपतात ना, तसे. मी बाहेरून चुंबकाचा जोर बदलला की ते कूस बदलतात. कडक पोलादात जागा नाही, म्हणून अडत अडत, हळू बदलतात. पण करपून मऊ पडलेल्या ठिकाणी सैल झालेले असतात, तिथे धडाधड वळतात. ती ही तडतड." दांडा घासताना दगड जास्त तापला तर वरची कातडी अशीच करपते म्हणे. डोळ्यांना काही दिसत नाही, वरून आरशासारखा लखलखतो, आणि पुढे कधीतरी वापरात असताना त्याच जागी तडा जातो. करपलंय का ते बघायचा दुसरा उपाय म्हणजे दांडा अॅसिडमध्ये बुडवायचा. करपलेली जागा काळी पडते, पण मग तो दांडा भंगारात. मामांना अॅसिडचं नाव काढलेलं खपत नसे. "हे म्हणजे माणूस चांगला होता की नाही ते त्याच्या तेराव्याला ठरवायचं," म्हणायचे.

आणि मग संप आला. आमचे हे गिरणीत साचेखात्यात होते, विणकर. माग त्यांच्या हाताखाली कसा पळायचा ते बघायला खात्यातली माणसं थांबायची, असं त्यांचे दोस्त सांगत. संप सुरू झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, महिना दोन महिने. पुढे काय झालं ते लालबाग-परळमध्ये कोणाला सांगायला नको. भोंगा बंद झाला तो झालाच, आणि गिरणी अर्धीमुर्धी चालू झाली तेव्हा ह्यांना परत घेतलं नाही. मी दादरच्या एका दुकानाच्या साड्यांना फॉल लावून घर चालवत होते. ते जमत होतं. मला जमत नव्हतं ते ह्यांच्याकडे बघणं. पाळीची वेळ झाली की हा माणूस शर्ट घालून, केस विंचरून तयार व्हायचा, आणि गॅलरीत स्टुलावर जाऊन बसायचा. येणाराजाणारा प्रत्येक जण विचारायचा, "मग, काय करताय सध्या?" एकेका प्रश्नासरशी हे आणखी गप्प होत गेले. घरात सुद्धा 'हो' आणि 'नको' एवढेच शब्द उरले. मला वाटायचं, एक दिवस हा माणूस बोलायचाच बंद होईल, आणि मग मी काय करू?

न विचारणारा एकच माणूस होता. मामा दर रविवारी गिरगावातून यायचे, ह्यांच्या शेजारी दुसरं स्टूल टाकायचे आणि बसायचे. दोघं मिळून रस्ता बघायचे. दुपारपर्यंत. माझं डोकं फिरायचं. एकदा मी बाहेर येऊन म्हटलंच, "अहो मामा, तुम्ही तरी काही बोला ना ह्यांच्याशी! देवळातल्या नंदीसारखे काय बसलाय दोघं?" मामा शांतपणे म्हणाले, "बोलतोय की." मी म्हटलं, "कधी? मला तर ऐकू नाही आलं." ते म्हणाले, "तुला फोडणीच्या आवाजात नसेल आलं." असे बरेच रविवार गेले. मग एके दिवशी उठताना ते ह्यांना म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर घोडपदेवला ये. एक मशीन दाखवतो." ना उपदेश, ना समजूत. आणि हे गेले.

कारखान्याचे शेठ नाखूश होते. विणकराला ग्राइंडिंग काय येणार? "मामा, तुम्ही म्हणता म्हणून ठेवतो. एक चूक झाली की घरी," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. पण ज्या हातांनी धागा सांभाळला त्यांना दगड सांभाळायला वेळ लागला नाही. पहिल्याच आठवड्यात हे घरी येऊन ठिणग्यांविषयी बोलायला लागले. ठिणगी लांब कधी पडते, आखूड कधी पडते, दगड गुणगुणतो कसा आणि किंचाळतो कसा. जेवताना बोलले, हात धुताना बोलले. मी मोरीत जाऊन पोटभर रडून घेतलं. कोणाची चोरी होती का? मामांनी त्यांना पेटीचंही शिक्षण सुरू केलं होतं. हेडफोन ह्यांच्या कानाला लावायचा, तुकडा स्वतः सरकवायचा आणि विचारायचं, "काय येतंय, सांग." आयुष्यात कोणाला प्रश्न न विचारणारा माणूस भाच्याला मात्र रोज हा एकच प्रश्न विचारायचा. मला वाटलं, आपल्या मागे कोणीतरी तयार करतायत.

त्यातच ती ऑर्डर आली. मच्छीमार बोटींत शिरलेलं पाणी उपसून टाकणाऱ्या पंपांचे दांडे. गिरण्यांची कामं बसल्यामुळे शेठचा अर्धा धंदा गेला होता, आणि ही ऑर्डर नीट गेली तर पुढे कायमचं काम मिळणार होतं. नाही गेली तर कुलूप, असं शेठ उघड बोलायचे. तपासलेल्या प्रत्येक दांड्याला मामा पिवळ्या रंगाचा ठिपका लावत. गिऱ्हाईक तो ठिपका बघून डोळे मिटून माल घ्यायचं, इतका त्यांच्या नावाचा दबदबा. दांडे घासायचं काम ह्यांच्याकडे आलं, आणि अर्ध्या कामात दसरा आला.

गिरणीत खंडेनवमीला मागांची पूजा कशी व्हायची ते ज्यांनी बघितलंय त्यांना मी सांगायला नको. त्या दिवशी खात्यात माग कमी आणि फुलं जास्त दिसायची. ह्यांच्या हाताला पूजेसाठी मशीन बऱ्याच वर्षांनी मिळालं होतं. मग काय विचारता! पहाटे दादरच्या फुलबाजारात स्वतः गेले, पोतंभर झेंडू आणला, मी आणि सासूबाईंनी माळा ओवल्या. त्या ग्राइंडिंग मशीनला ह्यांनी इतक्या माळा घातल्या की शेठने नारळ फोडायच्या वेळी विचारलं, "अरे, मशीन आहे कुठे?" सगळे हसले. हे सर्वांत जास्त हसले. तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. झेंडूच्या पाकळ्यांचं काय होतंय तिकडे कोणाचं लक्ष असणार?

दांडा घासताना त्याच्यावर पांढऱ्या दुधट पाण्याची धार सोडलेली असते, दगड आणि दांडा दोन्ही गार राहावेत म्हणून. ते पाणी खालच्या टाकीतून पंपाने वर येतं. माळांच्या पाकळ्या गळून त्या टाकीत पडल्या, कुजल्या, आणि पंपाच्या जाळीत जाऊन बसल्या. धार एकदम थांबली असती तर कळलं असतं. ती रोज थोडी थोडी बारीक झाली. इकडे शेठची घाई, तिकडे ह्यांचा हुरूप. दांडे लखलखीत निघत होते, ह्यांची छाती फुगत होती.

माल जायच्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन घोडपदेवला गेले. बाहेर टेम्पो उभा. आत मामा हेडफोन लावून एकेका दांड्यावर तुकडा सरकवत होते, पण ठिपका काही लावत नव्हते. एकच दांडा तीन-तीनदा. शेठ येरझाऱ्या घालत होते. "मामा, टेम्पोवाला बोंबलतोय. लावा ना ठिपके." मामांनी मशीनकडे बघितलं, पाण्याच्या धारेकडे बघितलं, मग हेडफोन काढला आणि ह्यांच्यापुढे धरला. म्हणाले, "तू ऐक. आणि काय येतंय ते सांग."

ह्यांनी हेडफोन लावला. मामांनी आधी दसऱ्यापूर्वीचा एक दांडा घेतला, त्यावर तुकडा सरकवला. मग नंतरचा घेतला. मी डबा धरून दारातच उभी होते, मला फक्त ह्यांचा चेहरा दिसत होता. संपाच्या वर्षांतला तो स्टुलावरचा चेहरा परत येताना मी बघितला. काय झालं असेल ते मला त्या सुरीमुळे कळलं. माझ्या मनात आलं ते सांगते, लाज नाही मला. मनात आलं, गप्प बसा हो, ठीक आहे म्हणा. दांडे चमकतायत, टेम्पो उभा आहे, कोणाला कळणार आहे?

"सांग," मामा म्हणाले.

"करपलाय."

"नीट ऐक. पुन्हा ऐक." मामांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला.

"मामा, सगळे करपलेत," हे म्हणाले. "दसऱ्यानंतरचे सगळे. आधीचे चांगले आहेत."

शेठ ओरडले, "सगळे? कोणी घासले हे?" ते काय त्यांना माहीत नव्हतं? पण रागाच्या भरात माणूस विचारतो. हे हेडफोन काढून म्हणाले, "मीच घासले, शेठ. हे दांडे बोटीवर गेले आणि भर समुद्रात पंप बसला तर बोटीतली माणसं बुडतील. टेम्पो परत पाठवा. मग मला काय बोलायचं ते बोला."

मामा गुडघे टेकून मशीनपाशी बसले, टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि पंपाची जाळी बाहेर काढली. तिच्यातून झेंडूचा केशरी लगदा निघाला. शेठ शिव्या द्यायला तोंड उघडून पुढे आले, आणि लगदा बघून तसेच थांबले. पूजेची फुलं! नारळ त्यांनीच फोडला होता. आता शिवी द्यायची कोणाला? त्यांनी बोटाने त्या लगद्याला स्पर्श केला, हात कपाळाला लावला आणि टेम्पोवाल्यावर जाऊन ओरडले. बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

बरेच दांडे मापापेक्षा केसभर जाड राहिले होते, त्यामुळे ते वाचण्यासारखे होते. मामांनी सांगितलं, जाळी धुऊन भरपूर पाणी सोडा, दगडाला नवी धार काढा, आणि करपलेली कातडी अगदी हलक्या हाताने काढत जा. एकदा दगड फिरवायचा, थांबायचं, पेटी लावायची. पुन्हा दगड, पुन्हा पेटी. हे घासायचे आणि हेच ऐकायचे. मामा शेजारी बसून तुकडा सरकवायचे आणि विचारायचे, "आता?" तडतड कमी होत होत बारीक कुजबुज उरली की हे मान हलवायचे, आणि मामा ठिपका लावायचे. अगदी मापावर आलेल्या काही दांड्यांवरून आणखी काढायला जागाच नव्हती, ते भंगारात गेले ते गेलेच. माल उशिरा पोचला, गिऱ्हाईकाने शेठला खूप ऐकवलं, शेठ महिनाभर ह्यांच्याशी बोलले नाहीत. पण घरी मात्र पाठवलं नाही. ऑर्डर पुढे चालू राहिली, आणि हे त्याच कारखान्यात पिकल्या केसांचे झाले.

त्यानंतर कित्येक वर्षं मी ही गोष्ट चाळीत, लग्नकार्यात, जिथे बसेन तिथे सांगितली. मामांनी भाच्याला चारचौघांत नापास केलं नाही, त्याचं त्यालाच ऐकू दिलं, केवढं शहाणपण! माझ्या तोंडून मामांची स्तुती निघते हे बघून सासूबाईंना सुद्धा नवल वाटायचं. मामा समोर असले तर मान खाली घालून शेंगा सोलत राहायचे.

पुढे गिरगावातली त्यांची चाळ पाडायला काढली तेव्हा आम्ही त्यांना लालबागला घेऊन आलो. सासूबाई तोवर गेल्या होत्या, आणि मामांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. म्हातारपण म्हणून आम्ही सोडून दिलं होतं, पण टीव्ही इतका मोठा लावायचे की शेजारी भांडायला आले. शेवटी मी त्यांना दादरच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तपासून म्हणाले, "हे वयाचं नाही आजी. कारखान्याच्या आवाजाने गेलेत हे कान. बारीक आवाज तर ह्यांना किती वर्षांपूर्वीच यायचे बंद झाले असतील." घरी आल्यावर नवं मशीन कानात अडकवून मामा बसले होते, मी समोर बसून भाजी निवडत होते. माझ्या डोक्यात सगळा हिशेब फिरत होता. मी विचारलं, "मामा, कान कधी गेला तुमचा?"

ते कानातलं मशीन नीट बसवत म्हणाले, "संपाच्या शेवटाला केव्हातरी. माणसांचं बोलणं यायचं, पण पेटीतला आवाज यायचा बंद झाला."

"म्हणजे त्या दसऱ्याला?"

"काही येत नव्हतं. धार बारीक दिसली, म्हणून शंका आली. पण शंकेवर माल कसा अडवणार? शेठने ऐकलं नसतं."

"म्हणून रोज ह्यांना विचारायचात? काय येतंय, सांग?"

"मग कोणाला विचारू?"

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. ज्याची नोकरी जाणार होती त्यालाच ह्या माणसाने विचारलं होतं! मी जवळ सरकून, मशीन होतं तरी मोठ्याने विचारलं, "आणि ह्यांनी ठीक आहे म्हटलं असतं तर? खोटं बोलले असते तर?"

मामांना प्रश्न ऐकू आला, पण कळला नसावा असं वाटलं. ते माझ्याकडे जरा आश्चर्यानेच बघत राहिले. "तो ठीक म्हणाला असता, तर मी ठिपके लावले असते," ते म्हणाले.

संध्याकाळी हे बाजारातून आले. मी त्यांना सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. हे ऐकत उभे राहिले, हातातली पिशवी खाली ठेवायचंही सुचलं नाही. मग पिशवी ठेवली, कपाटातून नेलकटर काढलं, मामांच्या खुर्चीसमोर खाली बसले आणि त्यांचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. मामांची नखं वाढून वाकडी झाली होती, त्यांना स्वतःला वाकता येत नव्हतं. हे एकेक नख सावकाश कापत राहिले, आणि मामा सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होते, "अरे हळू! हळू रे, माझ्या बाबा!"